दहा वर्षे तेवलेला दिवा

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे एक गृहस्थ येऊन गेले. काका जाऊन वर्ष होत आलं. "त्यांच्याशी बोलणं करून देतो," म्हणाले, आणि दक्षिणा आधीच मागितली! काकू माझ्याकडे आल्या. "काय करू गं?" म्हणाल्या. त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेत हॅरी हुडिनी नावाचा मोठा जादूगार होऊन गेला. जन्म १८७४ चा, बुडापेस्टचा. खरं नाव एरिक वाइस. वडील ज्यू धर्मोपदेशक, घरची गरिबी. १८९४ साली बेसशी लग्न झालं आणि दोघांनी संसार थाटला तो रंगमंचावरच. हुडिनीचे हात बांधून त्याला पोत्यात घालायचं, पोतं पेटीत, पेटीला कुलूप. बेस पडदा ओढून घ्यायची. क्षणात हुडिनी बाहेर आणि पेटीत बेस!

पुढे बेड्या, तुरुंगाच्या कोठड्या, पाण्याने भरलेल्या पेटीत उलटं टांगून घेणं, सगळ्यांतून तो सुटला. १९०४ साली लंडनच्या एका वृत्तपत्राने आणलेली खास बेडी उघडायला त्याला तासाहून जास्त वेळ लागला. पण ही दैवी सिद्धी आहे, असं तो कधी म्हणाला नाही. कुलपांचा अभ्यास आणि अंगमेहनत, बस्स.

आईवर त्याचा फार जीव. ती १९१३ साली गेली. १९२२ मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉइल यांच्या पत्नीने, आईचा आत्मा आपल्या हातून लिहितोय म्हणून, पानंच्या पानं लिहून दिली. मजकूर इंग्रजीत आणि वर क्रूसाची खूण! आईला इंग्रजी धड येत नव्हतं, आणि ज्यू बाई क्रूस कशाला काढील? तेव्हापासून दुःखितांना फसवणाऱ्यांच्या तो हात धुऊन मागे लागला. वेषांतर करून त्यांच्या बैठकांना जायचा आणि लबाडी चव्हाट्यावर आणायचा.

असा हा सगळ्यांतून सुटणारा माणूस पोटदुखीने गेला हो! ऑक्टोबर १९२६. पोटात कळा, अंगात ताप, तरी डेट्रॉइटला प्रयोग केलाच. अपेंडिक्स फुटलं होतं. ३१ ऑक्टोबरला तो गेला, वय अवघं ५२. पुरुषांचं हे असंच! म्हणून सांगते, पोटात उजवीकडे खाली दुखत राहिलं, जोडीला ताप-उलटी असली, तर जुलाबाचं औषध देऊ नका, गरम पाण्याने शेकू नका. "होईल बरं" म्हणाले तरी ऐकू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

जो आधी जाईल त्याने जमलं तर ठरलेला सांकेतिक निरोप पाठवायचा, असं नवराबायकोत ठरलं होतं. १९२९ साली एकाने तो निरोप मिळाल्याचं सांगितलं. बेस तेव्हा आजारी होती. तिने आधी मान्य केलं, पण पुढे नाकारलं. मात्र दरवर्षी ती वाट बघत राहिली. त्याच्या फोटोजवळ दिवा ठेवला. शेवटची बैठक १९३६ साली हॉलिवूडमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर झाली. काहीच आलं नाही. तेव्हा बेसने तो दिवा मालवला. १९४३ साली ती गेली.

काकू ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, ह्यांना घरात मी कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नाही. आता परक्या माणसाच्या तोंडून काय बोलणार?" आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

दक्षिणेसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून त्यांनी नातीला शाळेचे बूट घेतले. काकांच्या फोटोपुढे मात्र रोज संध्याकाळी दिवा लागतो. तो लागू द्या. त्यात फसवणूक कुणाचीच नाही.