बारीक गळ आणि मोठी जबाबदारी

गळ निवडायला बसलं की माणसाचा स्वभाव कळतो, असं माझं जुनं मत आहे. मोठा गळ उचलणारा मनातल्या मनात मोठा मासा घरी घेऊन गेलेला असतो. रस्सासुद्धा उकळत असतो त्याचा. :) बारीक गळ उचलणाऱ्याला मात्र पाण्यात नक्की काय आहे हे बघायचं असतं. मी दुसऱ्या गटातला. पण या गटाचंही सगळं बरोबर असतं असं नाही, आणि आज लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

झालंय असं, की आमच्या घरातली तरुण मंडळी हल्ली मोबाईलवर ‘फिनेस फिशिंग’ बघतात. म्हणजे पातळ तंगूस, हलकी काठी आणि अगदी चिमुकलं जिग. जिग म्हणजे काय, तर गळाच्या मानेवर ओतलेला शिशाचा मणी आणि मागे रबराची किंवा पिसांची शेपटी. भाच्याचा फोन आला, “मामा, नंबर २ मागवू की २/०?” म्हटलं, बाबा रे, या दोन्हींत मांजर आणि बिबट्याएवढा फरक आहे! गळांच्या नंबरांचं गणित उलटं असतं. २, ४, ६, ८ असं वर जावं तसा गळ बारीक होतो. आणि १/०, २/० असं शून्य लागलं की मोठा होत जातो. त्यातही एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ८ सारखे निघतीलच याची खात्री नाही.

वजनाचं त्या मानाने सोपं आहे. जिगवर औंसाचे अपूर्णांक लिहिलेले असतात. आपलं २०११ नंतरचं रुपयाचं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. १/१६ औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे साधारण आठ आणे. १/३२ औंस म्हणजे चार आणे. चार आणे चलनातून गेले, पण तळ्यात अजून चालतात. हलकं जिग सावकाश बुडतं आणि माशाला विचार करायला वेळ देतं. थंडीत मासा सुस्त असतो, तेव्हा याचा फार उपयोग. वारा असेल तर मात्र चार आणे पाण्याऐवजी बाभळीत जाऊन पडतात, तेव्हा आठ आणेच बरे. आणि तंगूस जाड असेल तर सगळंच फुकट, कारण दोरी जिगला मोकळं पडूच देत नाही. मला विचाराल तर १/३२ औंस, ८ नंबरचा गळ आणि दोन-अडीच किलोची तंगूस. सुरुवातीला एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. मानोऱ्याकडे पाणी म्हणजे अरुणावती, तिचे नाले आणि गावोगावचे तलाव. पुढे नदी दिग्रसकडे, यवतमाळ जिल्ह्यात जाते. तलावांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे असते. भोई समाजाची घरं त्यावर चालतात. संस्था पैसे घालून कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडते आणि ती मोठी व्हायची वाट बघते. काठावर एका भोईकाकांनी माझा डबा बघून एवढंच म्हटलं होतं, “बारक्या गळाले लेकरंच लागतात, बाप्पा.”

या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय बारीक गळाची वकिली करता येत नाही. कारण ते खरं आहे. बारीक गळ कुणाच्याही तोंडात जातो. शिवाय मासा तो सहज गिळतो, आणि घशात अडकलेला गळ ओढून काढला की मासा परत सोडून काही उपयोग नसतो. ज्याचं बी त्याचं पीक. आपल्या करमणुकीसाठी दुसऱ्याच्या शेतातली रोपं उपटायची नसतात.

तरीही मी बारीक जिगच्या बाजूने आहे, पण तीन अटींवर.

पहिली, गांडूळ आणि कणकेची गोळी बंद. कणकेला रोहू-मृगळची पोरं येतात. हलत्या जिगमागे बहुधा शिकारी वृत्तीचा मासा येतो. आणि जिग सतत हातात जिवंत असल्यामुळे टोच लागताच कळते, गळ ओठातच राहतो. बारीक गळाला आमिष लावून काठी दगडाखाली ठेवून झोपणं, हे सगळ्यात वाईट.

दुसरी, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. काही मासे निसटतील. निसटू देत. आपण काही बाजाराला निघालेलो नाही.

तिसरी, पावसाळ्यात घरी बसायचं. या दिवसांत मरळ आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. पिलांजवळ काहीही हललं की ती अंगावर येते, म्हणून तेव्हा ती सोपी सापडते. राखण करणारी मरळ काढली की मागे राहिलेली पिलं इतर माशांच्या पोटात जातात.

मग घरी न्यायचं काय? तिलापिया! १९५२ मध्ये भारतात आणलेला हा पाहुणा आता अनेक तलावांचा मालक होऊन बसलाय. तोंड लहान, त्यामुळे ८ नंबरचा गळ त्याला बरोबर बसतो. पोरं तोंडात सांभाळतो आणि भराभर वाढतो. खुशाल तळा. अर्थात संस्थेला विचारून.

शिशाबद्दलही एक सांगतो. इंग्लंडमध्ये गळाला लावायचे शिशाचे छोटे मणी हंस गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून १९८७ पासून तिथे त्यांवर बंदी आली. आपल्या तलावांवरही हिवाळ्यात बदकं उतरतात. टंगस्टनचं जिग महाग पडतं, पण परवडत असेल तर तेच घ्या.

यात नवीन काही नाही म्हणा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात गळाने मासे धरण्याच्या खेळावर ‘मत्स्यविनोद’ म्हणून भागच आहे. कुठल्या माशाला काय आवडतं याचा विचार तिथेही आहे. फरक एवढाच, की राजाला तळं कुणाचं हे विचारावं लागत नसावं. आपल्याला लागतं.

असो. भाच्याला नंबर ८ सांगितला आहे, आणि सोबत एक पकडही मागवायला सांगितली आहे.