हसवते ती नव्हे, विकते ती

"जाहिरात छान होती, पण कशाची होती ते आठवत नाही," असं आपण कितीदा म्हणतो! कुत्रं नाचतं, मुलं गातात, आपण हसतो आणि उठून कुकर लावतो. अशी जाहिरात करमणूक करते, माल विकत नाही. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते विकणाऱ्या जाहिरातीशी. तिला ओळखायला आपण फार उशीर केला.

ललिताजी आठवतात? १९८० च्या दशकात स्वस्त निरमाने सर्फचं गिऱ्हाईक ओढून नेलं, तेव्हा लिंटासच्या अ‍ॅलिक पदमसींनी त्यांना पडद्यावर आणलं. ललिताजी नाचल्या नाहीत, लाजल्या नाहीत. त्यांनी हिशेब मांडला: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. म्हणजे बाईची खरी अडचण, महिन्याचा खर्च, आधी हेरली. तिला पटेल असं उत्तर दिलं. आणि दुकानात मागायचं नाव तिच्या तोंडी बसवलं. जाहिरात लागू पडते ती अशी. मात्र बाईच्या शहाणपणाला मान मिळाला तो धुण्याच्या बादलीपुरताच!

हीच रीत वाईट हातात काय करते, ते गोरेपणाच्या क्रीमने दाखवलं. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ साली, म्हणजे ज्या वर्षी आपण आंतरराष्ट्रीय महिला वर्ष साजरं करत होतो त्याच वर्षी. पुढे तिच्या एका जाहिरातीत बाप हळहळतो की मुलगा असता तर बरं झालं असतं. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते, हवाईसुंदरीची नोकरी मिळवते आणि घर सावरते. इथे अडचण हेरलेली नाही, ती टोचून वाढवलेली आहे. मुलगी नकोशी असण्याचं दुःख आपल्या घराघरांत होतंच. कंपनीने ते ट्यूबमध्ये भरून परत आपल्यालाच विकलं.

आणि आपलं लक्ष कुठे होतं? स्त्रीच्या अशोभनीय चित्रणाविरुद्ध १९८६ साली कायदा झाला. आपल्यातल्या अनेकजणी उघडं अंग शोधत राहिल्या. १९९५ साली बुटांच्या जाहिरातीत दोन मॉडेल विवस्त्र उभी राहिली, तर केवढा गदारोळ! खटला रेंगाळला आणि २००९ साली सगळे सुटले. ते चित्र पाहून किती मुलींना स्वतःच्या कातडीची लाज वाटली असेल? ती लाज शिकवली अंगभर कपडे घातलेल्या, सुशील, आईबापांसोबत बसून बघता येणाऱ्या जाहिरातीने. जनवादी महिला संघटनेने चिकाटीने तक्रारी केल्या, तेव्हा कुठे २००३ साली ती पडद्यावरून उतरली. ट्यूबवरचा 'फेअर' हा शब्द जायला २०२० उजाडलं. ट्यूब अजून आहेच!

म्हणून, मैत्रिणींनो, जाहिरातीत किती कपडे आहेत हे मोजणं पुरे. दोन प्रश्न विचारूया: ही बाईला कशाची भीती घालते? आणि त्या भीतीवर काय विकते?

पण हा आरसा आपल्याकडेही फिरवायला हवा. आपली पथनाट्यं वस्तीत रंगतात, टाळ्या पडतात, दारुड्या नवऱ्याच्या नकलेला हशा येतो. घरी परतणाऱ्या बाईला उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळलेलं असतं का? आपल्या पोस्टरवर उगवता सूर्य असतो, वळलेली मूठ असते, तुटलेली साखळी असते. मार खाल्लेल्या बाईने त्या सूर्याचं करायचं काय?

त्यापेक्षा असं लिहा: "नवरा घराबाहेर काढतोय? घर त्याच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तुला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याला भेट. १८१ वर फोन कर." एक बाई, तिची एक अडचण, एक उत्तर आणि मागायचं नाव.

साबण विकणाऱ्यांना जे जमतं, ते हक्क सांगणाऱ्यांना जमू नये? टाळ्या मोजणं आपण सोडून देऊ. नाटकानंतर किती जणींनी तो नंबर लिहून घेतला, ते मोजू.