रंगीत आणि रंगविलेली

हल्ली हस्तकलेच्या प्रदर्शनांत ‘स्टेन्ड ग्लास’ म्हणून जे विकले जाते त्याला माझा आक्षेप आहे. वस्तूला नव्हे, नावाला. साध्या काचेवर काळ्या रेघा ओढायच्या, मध्ये बाटलीतला पारदर्शक रंग भरायचा, वाळू द्यायचा आणि वर ती चिठ्ठी चिकटवायची. वस्तू दिसते देखणी, यात शंका नाही.

परंतु खऱ्या रंगीत काचेत रंग वर नसतोच. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने ती निळी होते, मँगेनीजने जांभळी, तांब्याने किंवा सोन्याने लाल. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथेड्रलच्या बहुतेक खिडक्या तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. त्यांतला कोबाल्टचा निळा अजून उतरलेला नाही. पण इतक्या दूर कशाला? कासाराकडची फिरोजाबादची बांगडी घ्या. तिचा हिरवा रंग काचेतच असतो, भांडी घासून जात नाही. वरची सोनेरी नक्षी मात्र झिजते. एकाच बांगडीत दोन्ही प्रकार!

कोणी म्हणेल, शार्त्रचे कारागीरही काचेवर रंगवीत होतेच की. होते. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या ते गडद रंगाने काढीत. पण त्या रंगात काचेची पूड असे आणि तो भट्टीत भाजून काचेशी एकजीव केला जाई. पुढे चौदाव्या शतकात पिवळ्या रंगासाठी चांदीचे संयुग लावून काच भाजू लागले. ती चांदी काचेत मुरते. आपल्या बाटलीतल्या रंगाने भट्टीचे तोंडही पाहिलेले नसते. तो नखाने खरवडला तरी निघतो, उन्हात बहुधा फिकट होतो. आमच्या वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर घसारा भारी, आणि किंमत लावताना तो कोणीच धरीत नाही.

वस्तुविक्री कायदा, १९३०, कलम १५: वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. हे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो आणि स्नेहसंमेलनाच्या स्टॉलवर विसरतो.

रंगविलेल्या काचेत कमीपणा काही नाही. भट्टी कोणाकडे आहे? शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसविण्याइतका वेळ तरी कोणाला? विद्यार्थ्याच्या खिशाला हीच परवडते. पण मराठीत ‘रंगीत’ आणि ‘रंगविलेली’ असे दोन शब्द असताना तिसरा इंग्रजी हवाच कशाला? या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारा, त्यांच्याकडेही ‘बण्णद गाजु’ वेगळी आणि ‘बण्ण हच्चिद गाजु’ वेगळी. येत्या संमेलनात चिठ्ठ्या दोन्ही भाषांत लिहाव्यात: रंगविलेली काच, उन्हात ठेवू नये, ओल्या फडक्याने घासू नये.