यरीहोच्या रस्त्यावरची साक्ष

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हटकून विचारते : या लेखनात संकट कोणावर येते? बहुतेक वेळा उत्तर एकच असते, लेखकावर. घाट अवघड असतो तो लेखकासाठी. त्याच घाटातून रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन उतरणाऱ्या माणसाला तो अवघड वाटतो की नाही, याचा पत्ता लेखनात सहसा लागत नाही. गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न माझ्यावर उलटवला. "मॅडम, तुम्हीही परदेशी गेला होतात ना? तुम्ही काय लिहिलंत?" तिला माझ्याकडून काही रंजक ऐकायचे असावे. मी घरी येऊन कपाटातून एक जुने पत्र शोधून काढले. प्रस्तुत लेख त्या पत्राविषयी आहे आणि त्या निमित्ताने मिशनकार्यातून निर्माण होणाऱ्या एकूण लेखनाविषयीही आहे.

माझा जन्म अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातला. आजी पायी गावोगाव जाऊन सुवार्ता सांगत असे. 'साक्ष देणे' हा शब्दप्रयोग मी व्याकरणाच्या पुस्तकाआधी उपासनेत ऐकला. २०१४ च्या उन्हाळी सुट्टीत एका मंडळीच्या गटाबरोबर मी पाच आठवडे पूर्व युगांडातल्या एका मिशन शाळेत स्वयंसेवक म्हणून गेले. काम साधे होते : ग्रंथालयातली पुस्तके लावणे, मुलांकडून वाचून घेणे. शाळेतले दिवस सुखाचे गेले. भीती होती ती शाळेबाहेरच्या रस्त्याची.

कंपालाहून पूर्वेकडे जिंजा, इगांगा आणि पुढे केनियाच्या सीमेकडे जाणारा हा रस्ता मोंबासा बंदराचा माल युगांडात आणि त्याही पलीकडे रवांडा, काँगोपर्यंत पोहोचवतो. म्हणजे तो एका मोठ्या भूप्रदेशाची अन्ननलिका आहे. पण त्या वेळी त्याचा बराचसा भाग दुपदरी होता, मध्ये दुभाजक नव्हता. त्याच डांबराच्या कडेने शाळकरी मुले चालत, बायका डोक्यावर केळीचे घड घेऊन जात, टमाट्यांचे ढीग मांडलेले असत. चौदा आसनी जपानी व्हॅन, उसाने लादलेले ट्रक, तेलाचे टँकर आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या 'बोडाबोडा' म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, हे सारे एकाच पट्ट्यावर. बोडाबोडा हे नावही सीमेवरचेच. केनिया-युगांडा सीमेवर माणसांना सायकलवरून एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर नेत, त्या 'बॉर्डर टू बॉर्डर'चा हा अपभ्रंश. वाटेत लुगाझी आणि काकिरा ही साखर कारखान्यांची गावे लागतात. दोन्ही कारखाने मूळच्या गुजराती घराण्यांनी उभारलेले. नगर जिल्ह्यातल्या माणसाला उसाचे ट्रक पाहून घर आठवावे, यात नवल नाही. मलाही ते आठवले आणि त्या आठवणीने मी थोडी निर्धास्त झाले.

विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सात वाजायच्या आत अंधार पडतो. एकदा कंपालाहून परतताना इगांग्याच्या पुढे आम्हाला असाच अंधार गाठला. समोरून येणारा एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडण्यासाठी आमच्या बाजूला आला. आमच्या चालकाने गाडी डावीकडे घेतली, चाके डांबरावरून खाली लाल मातीत उतरली, गाडी कलली आणि सावरली. आम्ही सहाजण सुखरूप होतो. पण डावीकडची ती मातीची पट्टी मोकळी नव्हती. तिथून एक बोडाबोडा चालला होता. तो आमच्या गाडीला चुकवताना पलीकडच्या चरात गेला. मागच्या काचेतून मला त्याचा दिवा दिसला, आकाशाकडे तोंड केलेला. मी "थांबा" म्हणाले. चालक म्हणाला, "इथे नाही, मॅडम." गर्दी जमते, जमाव चालकाला मारतो, आधी पोलिसचौकी गाठायची असा दंडक आहे, हे त्याने नंतर समजावले. त्याची भीती खोटी नव्हती. चौकी काही किलोमीटरवर होती. तिथे त्याने खबर दिली. आम्ही गाडीतच बसून होतो. गटातल्या एका वडीलधाऱ्यांनी प्रार्थना केली. त्या मोटारसायकलवाल्याचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

दोन दिवसांनी मी आमच्या मंडळीला पत्र लिहिले. ते रविवारच्या उपासनेत वाचून दाखवण्यात आले आणि पुढे मंडळीच्या स्मरणिकेत छापले गेले. भाषा बरी आहे. लाल माती, काळोख, ट्रकचे दिवे, सगळे नेटके उतरले आहे. शेवटी परमेश्वराच्या हाताने आम्हाला कसे राखले याची साक्ष आहे. त्या पत्रात मोटारसायकल नाही. मी ती लपवण्याचे ठरवले होते असेही नाही. ती पत्राच्या घाटात बसत नव्हती. सुटकेच्या कथेत न सुटलेल्या माणसाला जागा नसते. मंडळी 'आमेन' म्हणाली तेव्हा ती कशाला 'आमेन' म्हणते आहे हे तिला माहीत नव्हते, आणि ते माहीत होऊ नये अशी व्यवस्था माझ्या वाक्यांनी केली होती.

इथे 'साक्ष' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. 'साक्षी' म्हणजे स-अक्ष, डोळ्यांसह असलेला. आपल्या भाषेत या शब्दाला तीन घरे आहेत. वेदान्तातला साक्षी केवळ पाहतो, कशातही गुंतत नाही. उपासनेतला साक्षी आपल्यावर झालेल्या कृपेविषयी बोलतो. न्यायालयातला साक्षीदार मात्र दुसऱ्यावर काय गुदरले ते सांगतो, आणि सांगितलेल्याबद्दल उलटतपासणीला उभा राहतो. गाडीच्या मागच्या काचेतून पाहताना मी पहिल्या घरात होते, पत्र लिहिताना दुसऱ्या. तिसऱ्या घराची पायरी मी चढलेच नाही. मिशनच्या पत्रांत, अहवालांत, आठवणींत हा तिसरा अर्थ परत आला पाहिजे, असे माझे मत आहे.

हा दोष माझ्या एकटीच्या पत्राचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. युगांडाच्या मिशन-इतिहासात रस्ता हे फार जुने रूपक आहे. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन पूर्वेकडून, नव्या वाटेने बुगांडात येऊ पाहत होते. पूर्वेकडून येणारा परका राज्याचा घात करील अशी तिथे धारणा होती. कबाका म्वांगाच्या आज्ञेने बुसोगात त्यांचा वध झाला. आपण प्राण देऊन युगांडाचा रस्ता विकत घेतला, अशा आशयाचे त्यांचे अखेरचे उद्गार सांगितले जातात. ते उद्गार पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्यांच्याबरोबर मारले गेलेले बहुसंख्य हमाल मात्र त्या कथेत 'सोबतचे लोक' होऊन राहिले. रस्त्याची किंमत त्यांनीही दिली होती.

याच इतिहासात दुसरेही एक उदाहरण आहे. अलेक्झांडर मॅके हे स्कॉटिश मिशनरी पेशाने इंजिनिअर होते. १८७८ साली बुगांडात पोहोचण्याआधी त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सादानीपासून आत म्पवाप्वापर्यंत रस्ता तयार करण्याचे काम केले. त्या रस्त्यामागून पुढे साम्राज्यही आले, हे विसरता येत नाही. तरीही रस्ता ही श्रद्धेची कसोटी नसून दगड-माती, उतार आणि निचरा यांची बाब आहे, हे त्यांना कळत होते. आमच्या पत्रांत हॅनिंग्टन पुष्कळ आहेत, मॅके फार थोडे.

धोका हा निसर्गाचा किंवा दैवाचा भाग नाही, हे आकडेही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले ९२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत, आणि मृत्यूचे प्रमाण आफ्रिका विभागात सर्वाधिक आहे. मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकी-तिचाकीवरचे लोक असतात. म्हणजे गाडीच्या आत बसून पत्र लिहिणारे नव्हेत, बाहेरचे. आपल्याकडेही २०२२ साली १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अशीच गेली. तेव्हा हे 'तिकडचे' वर्णन म्हणून वाचण्याची सोय आपल्याला नाही. पायी चालणाऱ्यासाठी वेगळी पट्टी, गावाच्या तोंडाशी वेगाला अटकाव, रात्री दिवे, जखमीला वेळेत नेणारी गाडी, या गोष्टी असल्या की माणसे वाचतात. बोडाबोडा चालवणारा पुष्कळदा मोटारसायकलचा मालक नसतो. मालकाला रोजचे ठरलेले पैसे द्यायचे असतात, म्हणून तो अंधार पडल्यावरही रस्त्यावर असतो. हे सारे माझ्या पत्रात चार ओळींत आले असते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्हाला लहानपणापासून पाठ. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक माणूस जखमी पडतो, याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून जातात, शोमरोनी थांबतो. त्या रात्री आमची गाडी कोणत्या बाजूने गेली हे सांगायला नकोच. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधल्या भाषणात हा दाखला पुढे नेला होता. वाटेवरच्या जखमींना मदत करणे ही केवळ सुरुवात आहे, माणसांना वारंवार मार खावा लागणार नाही असा तो यरीहोचा रस्ताच बदलावा लागेल, असा त्यांचा आशय होता. मला वाटते, हे वाक्य मिशनला जाणाऱ्या प्रत्येकाने सामानाबरोबर न्यावे. थांबणे हे पहिले कर्तव्य आहेच. पण ज्याला थांबता आले नाही, त्याला निदान रस्त्याविषयी खरे सांगता येते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वाचलेल्या माणसाने आभार मानू नयेत का? तिथले लोकही तसेच बोलतात. तिथल्या व्हॅनच्या काचांवर देवाची आणि अल्लाची वचने रंगवलेली असतात, जसा आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' असतो. जूनच्या ३ तारखेला नामुगोंगोच्या हुतात्म्यांचा दिवस असतो. त्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू दिवसेंदिवस पायी चालतात. मी त्यांचा एक जथा त्याच महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्यात पदर सावरत, गात जाताना पाहिला आहे. त्यांची श्रद्धा मी कोणत्या तोंडाने तपासणार? पण एक फरक आहे. ते रस्त्यावर होते आणि रस्त्याला ओळखून होते. कोणत्या वळणावर कोण गेले, हे त्यांना नावानिशी माहीत असते. त्यांच्या आभारात मेलेल्यांची नावे मिसळलेली असतात. माझ्या आभारात फक्त आम्ही सहाजण होतो. आभार मानण्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याला वगळून मिळवलेल्या आभाराला आहे.

ते पत्र मी वर्गात वाचून दाखवले आणि त्यात नसलेली मोटारसायकलही सांगितली. वर्ग गप्प होता. मग त्याच विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, मग आता तुम्ही ते बदलून लिहिणार का?" मी प्रयत्न केला आहे. अडचण अशी की त्या माणसाचे नाव मला माहीत नाही, त्याच्यामागे कोणी बसले होते का हेही अंधारात दिसले नाही. तेव्हा नव्या पत्रात तेवढेच लिहिले आहे : एक मोटारसायकल होती, ती आमच्यामुळे चरात गेली, आम्ही थांबलो नाही. मंडळीच्या पाळकांना ते पाठवले आहे आणि पुढच्या स्मरणिकेत छापावे अशी विनंती केली आहे.