दुसरं विमान

गेल्या रविवारी माळावर रिमोटवरचं ट्रेनर विमान ओळीने बारा वेळा उतरवलं आणि एकदाही नाक जमिनीला टेकलं नाही. परतताना लेक म्हणाली, "बाबा, आता स्पिटफायर घेऊ या."

मोह मलाही आहे. स्पिटफायरचे लंबवर्तुळाकार पंख पाहिले की नजर हटत नाही. पण छोट्या मॉडेलमध्ये हेच टोकाला निमुळते होत गेलेले पंख त्रास देतात. उतरताना वेग जरासा कमी पडला की टोकाकडची उचल आधी जाते, एक पंख झपकन पडतो आणि तेव्हा खाली जमीन जेमतेम दहा फुटांवर असते. सावरायला वेळच नसतो.

पहिल्या विमानाने आपल्याला किती सांभाळून घेतलं, हे आपल्या लक्षातच येत नाही. त्याचे पंख वर, आणि दोन्ही बाजूंना किंचित उचललेले. विमान कललं की ते खालच्या बाजूला घसरतं, त्या बाजूच्या पंखाला हवा जास्त कोनातून मिळते आणि तो पंख आपोआप वर येतो. गोंधळलो की काठी सोडून द्यायची, विमान स्वतःच सरळ होतं. माझ्या अंगठ्यांना ही सवय लागली आहे आणि आता तीच मोडायची आहे.

म्हणून मला हवं आहे ते कलवलं की कललेलंच राहणारं विमान. एलेरॉन असलेलं, पंख खाली किंवा मध्यावर, पण जाड आणि बऱ्यापैकी रुंद. पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोभर, अंग फोमचं, चाकं पक्की बसवलेली. माझ्याकडची तीन सेलची 2200 एमएएचची बॅटरी त्यात बसली पाहिजे. आणि सुटा पंख विकत मिळतो का, हे आधी विचारायचं. रंग नंतर बघू.

अशा विमानात वळण घेताना एलिव्हेटरही हळूच ओढावा लागतो, आणि वेगावर लक्ष ठेवावं लागतं. साठ अंश कलवून उंची न सोडता वळलो तर पंखांवर दुप्पट भार येतो, आणि सरळ उडताना पुरणारा वेग तिथे पुरत नाही. विमान आपल्या दिशेने येत असेल तर डावं-उजवंही उलटं होतं. तेव्हा मी एवढंच लक्षात ठेवतो: जो पंख खाली दिसतोय, त्या बाजूला काठी.

भारतीय हवाई दलाच्या जुन्या वैमानिकांनाही टायगर मॉथवरून थेट स्पिटफायरमध्ये बसवत नसत. मध्ये हार्वर्ड होतं. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आपलं हार्वर्ड पिवळं रंगवू."

काल खोकं आलं. रात्री पंख जोडले, बॅटरी बसवली. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या हिश्शावर पेन्सिलची खूण केली आणि तिथे दोन बोटांवर विमान तोललं. शेपूट खाली गेली. लेकीने बॅटरी बोटभर पुढे सरकवली, पुन्हा तोललं. नाक हलकेच झुकलं. तिने बॅटरीचा पट्टा घट्ट आवळला.