इशारा : मीटरखोलीतली तार रविवारपर्यंत काढा

इमारतीतील सर्व सभासद आणि भाडेकरूंस,

इंडक्शन शेगडी चालू होईना म्हणून कोणीतरी मीटरखोलीत फ्यूजच्या किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली आहे. आणखी एका घराची १६ अँपिअरची एमसीबी जाऊन तिथे ३२ची आली आहे. दोन्ही घरांतल्या शेगड्या आता व्यवस्थित चालतात, असे कानावर आले. चालणारच. त्यांना अडवणारे काही शिल्लक ठेवलेलेच नाही.

एमसीबी शेगडीसाठी नसते, भिंतीतल्या वायरसाठी असते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढते. त्याच वायरवर गीझर आणि मायक्रोवेव्ह लावलेत की १६चा आकडा मागे पडतो आणि एमसीबी पडते. ३२ची पडत नाही. वायर मात्र तापत राहते, तिच्यावरचे प्लॅस्टिक मऊ होऊन वितळते, आणि हे सारे भिंतीतल्या पाइपात घडत असल्याने धूर निघेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसे राहतात, हे तार पिळणाऱ्याला ठाऊक असावे.

शेगडी चालू होत नसेल तर काय पाहायचे तेही सांगतो, म्हणजे नंतर सबब नको. पॅनेलवर कुलपाचे चिन्ह असेल तर चाइल्ड लॉक लागले आहे. ते बटण काही सेकंद दाबून धरा. (एवढ्यासाठी वायरमनला चार जिने चढायला लावणारे आपल्यात आहेत. नावे घेत नाही.) भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटत नसेल तर त्या भांड्यावर शेगडी तापणार नाही. पिन ६ अँपिअरच्या सॉकेटात किंवा एक्स्टेंशन बोर्डात असेल तर आजच काढा. १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्वतंत्र वायर लागते. सॉकेट काळवंडले असेल किंवा जळका वास येत असेल तर मेन बंद करा आणि हात लावू नका.

एमसीबी पडली तर शेगडीची पिन काढून, त्या वायरवरची बाकीची उपकरणेही बंद करून एकदाच वर करा. तरीही पडली तर दोष वायरिंगमध्ये आहे. टिकली, पण फक्त शेगडी लावताच पुन्हा पडली, तर दोष शेगडीत. त्यानंतर पुन्हा वर करायची नाही. शेगडी घरी उघडायचीही नाही. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे. घरातली आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. तेवढा प्रवाहही ओल्या हातातून शरीरात जात राहिला तर जीव जाऊ शकतो. तिला बायपास करणाऱ्याचे कोणतेही स्पष्टीकरण समिती ऐकून घेणार नाही.

या रविवारी सायंकाळी ६ वाजेपर्यंत तार काढून योग्य फ्यूज आणि १६ची एमसीबी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या आणि त्याच्या सहीची पावती कार्यालयात द्या. खर्च ज्याचा त्याने करायचा. कोणाची वीज तोडण्याचा अधिकार समितीला नाही, हे आम्हाला माहीत आहे. तो ज्यांना आहे त्या वीज कंपनीकडे, आणि विद्युत निरीक्षकांकडेही, सोमवारी सकाळी फोटो आणि घरक्रमांकासह लेखी तक्रार जाईल. पत्र तयार आहे, फक्त तारीख घालायची आहे.

मुदतवाढ मागायला कोणी येऊ नये.

सचिव, व्यवस्थापन समिती