निम्म्याहून अधिक पुणेकर?

सन २०२० च्या ऑगस्टांत पुण्यांतील रक्तपाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ‘निम्म्याहून अधिक पुणेकरांना करोना होऊन गेला’ हें वाक्य सहज तोंडीं बसण्यासारखें होतें. आणि आतां आजोबांनीं मंडईंत जाण्यास हरकत नाहीं, असा अर्थ त्यांतून काढणें त्याहूनहि सोपें.

मूळ आंकडे असे: २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळांत येरवड्यासह पांच प्रभागांतील १६६४ जणांचें रक्त तपासलें, व शेंकडा ५१.५ जणांत प्रतिपिंडें आढळलीं. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. पण दुसरीं शितें उचललीं असतीं तर? ०.५१५ ला ०.४८५ नें गुणावें, १६६४ नें भागावें व वर्गमूळ काढावें. उत्तर सुमारें सव्वा टक्का येतें. याची दुप्पट दोहों बाजूंस धरली कीं ४९ ते ५४ असा पट्टा मिळतो. यासच विश्वासांतर म्हणतात. ‘शेंकडा ९५ विश्वास’ याचा अर्थ एवढाच कीं, याच रीतीनें शंभर पाहण्या केल्यास सुमारें ९५ पट्टे खऱ्या प्रमाणास कवेंत घेतील. आपला पट्टा त्यांपैकीं कीं उरलेल्या पांचांपैकीं, हें कोणासच ठाऊक नसतें.

आतां खरें प्रमाण बरोबर निम्में आहे, असें गृहीत धरूं. पन्नास हा आंकडा पट्ट्याच्या आंतच आहे, म्हणजे ५१.५ हें केवळ योगायोगानेंहि येऊं शकतें. गृहीतक फेटाळतां येत नाहीं, आणि सिद्धहि होत नाहीं; पुराव्याअभावीं सुटलेला आरोपी निर्दोषच असतो असें नव्हे. मात्र लोहियानगर-कासेवाडींत ६५.४ आणि कसबा-सोमवार पेठेंत ३६.१, हें अंतर योगायोगाचें नाहीं. दोहोंकडे सव्वातीनशें जण तपासले असें धरलें तरी तें आपल्या प्रमाणचुकीच्या सुमारें आठपट भरतें.

खरी गफलत ‘पुणेकर’ या शब्दांत आहे. रुग्ण अधिक असलेले प्रभाग निवडले होते. भात ढवळलाच नव्हता, आणि हा दोष कोणतेंहि वर्गमूळ काढून जात नाहीं. शिवाय एका वस्तींतील माणसें एकमेकांसारखीं असतात, म्हणून खरा पट्टा याहून रुंदच. येरवड्याचा आंकडा ५६.६ होता, त्यावरून शेजारच्या विश्रांतवाडीचें अनुमान करणें हें धाडस. आणि तेथील एखाद्या घरांतल्या आजोबांच्या रक्तांत प्रतिपिंडें आहेत कीं नाहींत, हें त्यांचेंच रक्त तपासल्यावांचून कळावयाचें नाहीं.